पेटीतला एक होकार

सोमवार, ९ जून २००८

प्रिय मॅजेला,

आज बेटावर युरोपच्या नव्या करारावरचं सार्वमत झालं. सकाळच्या बोटीनं मतपेटी आली, तिच्यासोबत एक अधिकारी आणि एक पोलीस. आपलं मतदान नेहमीप्रमाणे बाकी देशाच्या तीन दिवस आधी, कारण हवा बिघडली तर पेटी इथंच अडकायची. शाळेच्या वर्गात टेबल मांडलं होतं. वारा पश्चिमेचा, समुद्र बरा होता. चव्वेचाळीसपैकी एकोणचाळीस जण येऊन गेले. पाच वाजता पेटीला सील लावलं आणि बोट परत गेली. मी घरी आलो, चहा केला, तो तसाच गार झाला, आणि आता लिहायला बसलोय.

तू मुलांना घेऊन ग्लासगोला बहिणीकडे गेलीस त्याला पाच महिने झाले. एवढ्या दिवसांत मी तुला ईस्टरचं एक कार्ड तेवढं पाठवलं आणि त्यावर सहीशिवाय काही नव्हतं. लिहिण्यासारखं नव्हतं असं नाही. मी कसा आहे ते तुला माहीत आहे. कोनल म्हणायचा, "घराला आग लागली तरी आमचा यूनन आधी घसा खाकरेल, मग विचार करेल सांगावं की नाही." आज मात्र मला राग आलाय आणि तो उतरायच्या आत मला लिहायचंय. उतरला की मी पुन्हा हवापाण्याचं लिहून मोकळा होईन.

आधी पोस्टरचं सांगतो. ह्यूडीनं तुझ्याकडून कोनलचा फोटो मागून घेतला तेव्हा तो कशासाठी हवाय हे त्यानं तुला पुरतं सांगितलं होतं का, मला माहीत नाही. कोनल माझा धाकटा भाऊ, पण तुझा तो नवरा होता. फोटो द्यायचा की नाही हे तूच ठरवायचं, त्याबद्दल मी बोलणार नाही. फोटो तो होडीतला, टोपी मागे सरकलेली, दोन्ही हातांत एकेक सॅमन. खाली मोठ्या अक्षरात 'कोनलसाठी: नाही'. असे अकरा लावले. शाळेच्या भिंतीवर, ह्यूडीच्या दुकानाच्या दारावर, दुकानातून त्याच्या बारमध्ये जायच्या दारावर, आणि एक माझ्या फाटकासमोरच्या खांबावर. तीन आठवडे रोज सकाळी दार उघडलं की समोर भाऊ, मासे दाखवत. पावसानं कागद फुगला, मग चेहरा ओघळला. कुणी बदलला नाही. मीही काढला नाही.

रविवारी प्रार्थना संपल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर ह्यूडी बोलला. "ब्रसेल्सनं आधी त्याचं जाळं घेतलं, मग त्याचा जीव घेतला. आता तुमचं मत मागतायत. द्या, द्यायचं असेल तर. पण त्याच्या फोटोकडे बघून द्या." सगळ्यांनी माना हलवल्या. आजारी माणसं आणि म्हातारी माणसं, ज्यांच्या घरी कोनल वादळात सामान पोचवायचा, ती रडली.

जाळ्याबद्दल तो खोटं बोलला नाही. सॅमनच्या जाळ्यांवर बंदी आली तेव्हा आपल्या सहा होड्या एका दिवसात रिकाम्या झाल्या, आणि खोल समुद्रातली मोठाली जहाजं चालूच राहिली. भरपाईचा फॉर्म कोनलनं महिनाभर कपाटावर उलटा करून ठेवला होता. सही केली तेव्हा तू शेजारी होतीस, मी नव्हतो. त्या बंदीबद्दल मी डब्लिनला आणि ब्रसेल्सला मनात इतक्या शिव्या दिल्यात की कोनललाही माझा अभिमान वाटला असता. सॅमन बंद झाले म्हणून तो ऐन हिवाळ्यात खेकड्यांचे पिंजरे टाकायला जायला लागला, हेही खरं. एवढं सगळं खरं असल्यामुळेच पुढचं खोटं इतकं सहज खपलं.

तो गेला तेव्हा तू धाकट्याला घेऊन दाताच्या डॉक्टरकडे पलीकडे गेली होतीस. तुला आम्ही सगळ्यांनी एवढंच सांगितलं की लाट आली. लाट आली होतीच. पण ती समुद्रात नाही आली, मॅजेला. तो तिथून सुखरूप परत आला होता. पिंजरे होडीत होते, इंजिन चालू होतं, दुपारचे तीन वाजले होते आणि आम्ही नऊ जण किनाऱ्यावरून त्याला बघत होतो. त्याला फक्त होडी लावायला जागा नव्हती. त्या जुन्या फुटक्या उतारावर नैर्ऋत्येची लाट असताना होडी लावता येत नाही, हे शाळेतल्या पोरांनाही माहीत आहे. तो बाहेर थांबला. एकदा आत आला, जमलं नाही, मागे गेला. दुसऱ्यांदा आला तेव्हा लाटेनं होडी खडकावर घातली. मी दोर फेकला. तो पोचला नाही.

उत्तरेच्या खाडीत धक्का असता तर त्यानं होडी बांधली असती आणि थंडीला नावं ठेवत घरी आला असता. त्या धक्क्यासाठी पैसा मंजूर झाला होता. युरोपचाच पैसा, ज्याला ह्यूडी आता खुनी म्हणतो. २००५ साली पत्र आलं होतं: बंदर समितीनं तीस सप्टेंबरच्या आत जागा कळवावी. कोनल आणि इतर होडीवाले म्हणाले उत्तरेची खाडी, तिथं पाणी शांत असतं. ह्यूडी म्हणाला दक्षिणेला, त्याच्या दुकानाशेजारी. "पर्यटक उतरणार कुठं? खाडीत उतरून मेंढ्यांना भेटणार?" सगळे हसले होते, कोनलसुद्धा. मग मत घेतलं. तीन हात इकडे, तीन तिकडे. ह्यूडी अध्यक्ष, तो म्हणाला पुढच्या बैठकीत बघू. पुढची बैठक नोव्हेंबरात झाली. तोवर पैसा दुसऱ्या एका बेटाला गेला होता. आणि आता तोच माणूस माझ्या भावाचा फोटो खांबाला ठोकून लोकांना सांगतोय त्याला कुणी मारलं.

कराराचं म्हणशील तर सरकारनं घरोघरी पुस्तिका पाठवली होती. मी दोनदा वाचली. मी काही अडाणी नाही, एकोणतीस वर्षं पोस्ट सांभाळलं, सरकारी भाषा मला कळते. पण हिच्यातलं एक पान दुसऱ्या पानाला ओळख देत नव्हतं. बेलाम्हातारीला विचारलं, तू काय करणार? ती म्हणाली, "मी दर वेळी नाही म्हणते बाबा. म्हणजे मागच्या वेळी काय म्हटलं ते लक्षात ठेवावं लागत नाही." कोनल असता तर त्यानंही 'नाही'च दिलं असतं, वर पेन्सिल मोडून आला असता. हे मला पक्कं माहीत आहे, आणि त्यानंच मला तीन आठवडे छळलं. मी 'नाही' दिलं तर ते कोनलचं मत होईल की त्या पोस्टरचं? त्याच्या जिवंतपणी त्याचं 'नाही' हे त्याचं स्वतःचं होतं. आता ते ह्यूडीच्या हातात होतं, आणि ते आणखी जड करायला मी जाणार नव्हतो. घरी बसावं असंही वाटलं. घरी बसण्यात मी तरबेज आहे.

आणि 'हो' द्यायचं म्हटलं तर इथं काही गुपित राहत नाही. शुक्रवारी लेटरकेनीला पेट्या उघडतील तेव्हा कठड्याला टेकून पक्षांची माणसं एकेका पेटीची मोजदाद करतील, आणि जेवणाच्या वेळेपर्यंत बेटावर आकडा येईल. मागच्या करारावेळी आपल्या पेटीत दोन हो निघाले होते. रविवारपर्यंत बेटानं दोन नावं ठरवली. चर्चमध्ये नर्सबाईच्या बाकावर पुढं किती रविवार कुणी बसलं नाही, आठवतं? मीही बसलो नव्हतो. या वेळी नाव आधीच ठरलेलं होतं. नवी शिक्षिका ऑर्ला, किलकेनीकडची. ह्यूडीनं तिला दुकानात सगळ्यांसमोर विचारलं होतं, "काय बाई, कुणीकडे?" ती म्हणाली, "पेटीला सांगेन, ह्यूडी. पेटी तुमच्यासारखी दुसऱ्याला सांगत नाही." तिथंच तिचा निकाल लागला. म्हणजे मी गुपचूप हो दिलं असतं तर त्याची शिक्षा त्या पोरीला झाली असती, आणि मी पुन्हा एकदा कोपऱ्यात उभा राहून बघितलं असतं.

दोन वाजता गेलो. बेला माझ्या पुढं होती. ती आडोशामागे गेली आणि तिथूनच ओरडली, "नाहीचा चौकोन वरचा की खालचा?" अधिकारी म्हणाला, "आजी, हळू." ती म्हणाली, "हळू कशाला? कुणाला माहीत नाही?" माझी पाळी आली. मी आत इतका वेळ उभा राहिलो की अधिकारी खोकला. मग मी 'हो'पुढे फुली मारली. तुला खोटं सांगणार नाही, युरोपसाठी नाही मारली. ते माझं मत बरोबर की चूक हे मला आजही सांगता येणार नाही. पण त्या पोस्टरला माझ्याकडून एवढंच उत्तर देता येत होतं.

बाहेर शाळेच्या भिंतीशी ह्यूडी आणि चार-पाच जण उभे होते. ह्यूडी म्हणाला, "काय यूनन, राखलंस ना भावाचं नाव?" मी म्हणालो, "मी हो दिलं." तो हसला. "तू? तू आयुष्यात कशाला हो म्हणालास?" मी म्हणालो, "शुक्रवारी पेटीत एक हो निघेल तो माझा. बाईंच्या दारात जाऊ नका." मग ह्यूडी म्हणाला, "कोनलनं हे ऐकलं असतं तर तुझं तोंड पाहिलं नसतं." तेव्हा माझा आवाज चढला. माझा आवाज चढतो हे मलाही ठाऊक नव्हतं. मी म्हणालो, "कोनल गेला तो धक्का नव्हता म्हणून. आणि धक्का का झाला नाही ते तुला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे." बेला काठी टेकत उभी होती, ती म्हणाली, "चला, माझी चहाची वेळ झाली," आणि हलली मात्र नाही. ह्यूडी माझ्या जवळ आला आणि हळूच म्हणाला, "मग सगळं सांग ना. तुझंही सांग. तिला सांग." ह्यूडीबद्दल मला काहीही वाटत असलं तरी त्याचं हे बोलणं बरोबर होतं.

म्हणून हे पत्र. बंदर समितीत आम्ही सहा जण नव्हतो, सात होतो. मी सचिव होतो आणि मलाही मत होतं. बैठकीला जाताना वाटेत कोनल म्हणाला होता, "तू काही बोलू नकोस दादा, नुसता हात वर कर." मी केला नाही. ह्यूडीला घाबरलो असं नाही. लोक म्हणतील भावासाठी हात वर केला, एवढंच डोक्यात होतं. तीन-तीन झाले तेव्हा ह्यूडीनं माझ्याकडे पाहिलं, कोनलनंही पाहिलं, आणि मी वहीत डोकं घालून लिहीत राहिलो. मी लिहिलं, 'हजर सभासद सहा'. स्वतःचं नावच घातलं नाही. कोनलनं ते नंतर वाचलं आणि मला एका शब्दानं विचारलं नाही; पुढच्या रविवारी नेहमीसारखा जेवायला बोलवायला आला. तू ताटं वाढलीस. त्या बैठकीची पानं आणि पैशाचं ते पत्र या पाकिटात घातलंय, नकला नाहीत, मूळच. सातवं नाव मी आज शाईनं लिहिलंय आणि पुढं आजची तारीख घातलीय. वकिलाला दाखव, मुलांना मोठी झाल्यावर दाखव, नाहीतर चुलीत घाल. माझ्याकडून हरकत नाही आणि मी तुझ्याकडे काही मागतही नाही. उद्याच्या बोटीनं हे जाईल. ह्यूडी फोनवर तुला त्याची बाजू सांगेलच, पण हे तुझ्या हातात असेल.

वारा वाढलाय. दोरीवरचे कपडे काढून आणतो.

तुझाच दीर, निदान आजवर तरी,
यूनन