दिवाळीनंतर रुजू

प्रिय आई,

आज दुपारी ऑफिसातून फोन आला. मला जुनी पेन्शन लागू झाली. म्हणजे निवृत्तीनंतर मरेपर्यंत ठरलेली पेन्शन, बाजार चढो की पडो. बातमी आनंदाची आहे ना? मग माझं तोंड कडू का झालं? ही बातमी पहिल्यांदा तुलाच सांगायची होती आणि तू नाहीस. म्हणून लिहायला बसलो.

खरं सांगू? मला शिसारी आली आहे.

आरोग्य सेवकाच्या नोकरीचा हुकूम हातात पडला तो दिवस आठवतो का तुला? दसरा नुकताच झाला होता. मी लगेच पिशवी भरली आणि तू ती रिकामी केलीस! ताईचा दिवाळसण होता. जावई पहिल्यांदाच आष्टीला मुक्कामी येणार होते आणि बाबा गेल्यापासून घरात पुरुष माणूस मी एकटा. "जावई येऊन राह्यले अन् त्याइले पाटावर बसवाले घरात माणूस नाई? लोक काय म्हणतीन? मुदत हाय ना तुले? दिवाळी झाली की जाजो." मीही खुशीने थांबलो. जावयांशी पत्ते खेळलो, अनारसे हाणले, भाऊबीज करून घेतली आणि मग रुजू झालो.

यात कोणाचं काय चुकलं गं? पण तिकडे मुंबईत कोणीतरी रेघ ओढली. एक नोव्हेंबरपासून पुढे लागलेल्यांना पेन्शन नाही, त्यांच्या पगारातून कापायचं आणि बाजारात लावायचं. त्या वर्षी एक नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन होतं. आपण तिला हात जोडत बसलो आणि ती मागच्या दाराने निघून गेली.

तुला हे कळायलाच नको होतं. पण माझा सहकारी दिलीप एकदा ओसरीवर चहा पिताना बोलून गेला, "गजूभाऊ, दिवाळीच्या आंधी हजर झाला असता तं सुटला असता!" तू दारातच उभी होतीस. त्या वर्षापासून तू अनारसे केले नाहीस. विचारलं तर म्हणायचीस, "हात दुखतेत." ताई माहेरी आली की तिच्यासमोरही अवघडून बसायचीस. तिने काय केलं होतं? मी किती वेळा समजावलं, ऐकलंस कधी? हट्टी तर तू पहिल्यापासूनच!

आणि जुन्या पेन्शनसाठी केलेल्या संपातला तो दिवस! वर्ध्याला आमचा मांडव होता. तू डबा घेऊन एसटीने आलीस. तेवढ्यात पाठिंबा द्यायला आपले माजी आमदार आले आणि कोणी अडवायच्या आत तू त्यांच्यापुढे हात जोडून उभी राहिलीस.

"साहेब, कसूर माहा हाय. म्याच थांबवलं त्याले, पोरीच्या दिवाळसणासाठी. पोराले काऊन सजा देता?"

ते हसले. "आजी, मंग पोरगी दिवाळीनंतर उजवाची ना!"

सोबतचे सगळे खिदळले. मांडवातलेही काही हसले. ज्याला जन्मभर पेन्शन आहे तो माणूस हसला, आई! एकदाच निवडून आला होता तो. तेवढं पुरतं त्यांना. आमदारांच्या पेन्शनवाढीचा विषय निघाला की सगळे पक्ष एका ताटात जेवतात. आमची पाळी आली की तिजोरीत खडखडाट. थू!

शेवटी वर्ध्याच्या दवाखान्यातही तुझं तेच. "तुहं म्हातारपण माह्यापायी उघड्यावर पडलं रे गजू." नाकात नळी, बोलायला दम नाही आणि हे बोललीस. मी काही उत्तर देईपर्यंत तुझा डोळा लागला. नंतर तू नीट बोललीच नाहीस.

तू गेलीस आणि मग सरकारला साक्षात्कार झाला. भरतीची जाहिरात त्या तारखेच्या आधीची असेल, तर रुजू कधीही झालेला असो, त्याला जुनी पेन्शन! आमची जाहिरात आधीचीच. ती तर तेव्हाही पेपरात छापलेली होती ना? मग एवढी वर्षं हे कोणाला दिसलं नाही? दिवाळसण कधी आडवा आलाच नव्हता, आई. त्यांनी तो आडवा घातला आणि तू तो उरावर घेऊन गेलीस.

संध्याकाळी दिलीप आला. तो आता संघटनेचा अध्यक्ष आहे. "रविवारी आपल्या माजी आमदार साहेबाचा सत्कार हाय. पेन्शनदाते म्हणून फ्लेक्स लागून राह्यला. हार तुमच्या हातून घालू."

"मले तिथं उलटी होईन," मी म्हटलं.

शीतल आठवते ना, तुझी शुगर तपासायला यायची ती आमची नर्स? तिची भरती त्या तारखेनंतरच्या जाहिरातीतली. लसीकरण, तापाची साथ, चिखलातले पांदण रस्ते, सगळं आम्ही सोबतीनं केलं. पण तिला पेन्शन नाही. तरी दिलीप बसलेला असतानाच पेढे घेऊन आली बिचारी. "बरं झालं दादा तुमचं," म्हणाली आणि चहाला न थांबता निघाली. तिचं काय, असं मी दिलीपला विचारलं. तो म्हणाला, "पाहू तिचं पुढं. आपलं तं झालं ना!"

आपलं झालं! आमदाराच्या हसण्याइतकीच घाण वाटली मला त्या दोन शब्दांची.

आई, तुला शब्द देतो. रविवारी मी जाईन, पण हार घालायला नाही. माइक घेऊन सगळ्यांदेखत सांगेन की माझ्या आईने कसूर केला नव्हता, लेकीचा सण केला होता. माफी तिने नाही, तुम्ही मागायची. ते मागणार नाहीत, हसतील पुन्हा. हसू देत. आणि शीतलचे लोक संपावर बसतील तेव्हा मी रजा टाकून त्यांच्या मांडवात बसेन. कोणीतरी विचारेलच, "गजूभाऊ, तुमचं तं झालं, आता काऊन बसले?"

मी सांगेन, "माही माय सोताले गुन्हेगार समजून मेली. माहं काई झालं नाई."

तुझाच,
गजू