पट्टा बदलायचा दिवस

दादा, तुम्ही गेल्यावर मला एक गोष्ट कळली. ती तुम्हाला सांगायची राहून गेली, आणि त्याचा मला अजून राग येतो. कुणाचा ते विचारू नका. जन्मभर तुमचं प्रत्येक काम वेळेआधी. एसटी लागायच्या आधी तुम्ही स्टँडवर, वऱ्हाड निघायच्या आधी तुम्ही मांडवात. मग जाण्याचीच एवढी घाई कशाला केलीत? थोडे थांबला असतात तर एका वाक्याने तुमच्या छातीवरचा धोंडा उतरला असता.

ती डिझेल गाडी तुम्ही पुण्याच्या एका माणसाकडून जुनीच घेतलीत, तेव्हा मी, तुमची लेक, कॉलेजात होते. पिंपळवंडीला आपल्या वस्तीवरची ती पहिली चारचाकी. आईने तिला ओवाळलं, चाकांखाली लिंबं ठेवली, आणि तुम्ही मात्र बॉनेट उघडून आत डोकं खुपसलेलं. टायमिंगचा पट्टा कधी बदललाय ते त्या माणसाला सांगता आलं नव्हतं, आणि मीटरवर तुमचा काडीचा विश्वास नव्हता. "मीटर काय, पिळला की मागं जातोय," म्हणायचात. जेवताना तेच, झोपताना तेच. इंजिनात एक रबरी पट्टा असतो, तो आवाज करत नाही, धूर काढत नाही, आणि एक दिवस चालत्या गाडीत तुटला की सगळं इंजिन बसतं, हे आम्हाला घरबसल्या पाठ झालं होतं. फक्त बदलायचा कधी, ते ठरत नव्हतं. लग्नसराईत वाडीतले सगळे नवरदेव आपल्याच गाडीतून जायचे, तेव्हा ती गॅरेजात कशी ठेवायची? मग टोमॅटोचा सीझन. मग जत्रा. आई चिडवायची, "आता भटजीला इचारून त्या पट्ट्याचा मुहूर्त काढा बाई एकदा."

अशातच महाळुंगे पडवळला आबांनी अंथरूण धरलं. आईचे वडील ते, आणि आई त्यांची शेंडेफळ. रविवारी ती भेटून आली, घरात कुणाशी धड बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही खिळ्यावरची किल्ली काढलीत.

"गाडी राहू द्या की दोन दिस दारात," आई म्हणाली. "आबांचं काय खरं न्हाई."

"अगं, म्हणूनच तर नेतोय. अवेळी बोलावणं आलं आन् वाटंत पट्टा तुटला, मंग काय करशील? दुपारपर्यंत आणतो माघारी."

बोललात ते चुकीचं नव्हतं. आजही कुणी विचारलं तर मी हेच सांगेन.

चहाची भांडी घासून होतात न होतात तोच किराणा दुकानाच्या फोनवर मामाचा निरोप आला. आबांचं जास्त झालंय, असाल तशा निघा. आम्ही दोघी वडापच्या जीपने नारायणगावला आलो आणि थेट गॅरेजात शिरलो. गाडीचं पुढचं चाक उतरवलेलं, इंजिनाचं झाकण खाली फरशीवर, आणि काढलेला पट्टा तुमच्या हातात. तुम्ही तो उन्हात धरून उलटापालटा करून बघत होता. एक चीर नव्हती त्याला. मेकॅनिक हसत म्हणत होता, "भाऊ, अजून लई चालला असता की हा!" तेवढ्यात तुमची नजर आईवर गेली. तुमचा तो चेहरा मला आजही नकोसा वाटतो. नवा पट्टा बसवून गाडी उभी राहायला दोन तास तरी लागणार होते. आईने तिथूनच पाठ फिरवली. पदर खोचला आणि स्टँडची वाट धरली. तुम्ही तसेच ग्रीसच्या हातांनी मागून धावत आलात. एसटीत जागा होती, तरी कळंब येईपर्यंत तुम्ही दांड्याला धरून उभे होता. पुढे एका टेम्पोने आम्हाला गावात सोडलं.

मामा दारातच होता. "आत्ताच गेले गं," म्हणाला. "शेवटपर्यंत तुझीच वाट बघत व्हते." आई आत धावली. तुम्ही अंगणातच थांबलात. आबांना उचललं तेव्हाही तुम्ही पुढे झाला नाहीत, काळे हात पाठीमागे धरून सगळ्यांच्या शेवटी चालत राहिलात.

त्यानंतर आई त्या गाडीत कधी बसली नाही. माहेरी जायचं तर, "मी आपली यष्टीनं जाते." तुम्ही गाडी रस्त्याकडे तोंड करून लावायचात, डिझेल भरून ठेवायचात, आणि कुणी विचारलेलं नसताना म्हणायचात, "गाडी तयार हाय हां." कुणाला सांगत होता ते सगळ्यांना कळत होतं. पुढे पट्टा पुन्हा बदलायला आला. मी पुण्यात नोकरीला होते, तुमचा फोन आला, "बदलू का गं?" मी कामात होते. "आईला विचारा," म्हटलं. तुमची ते विचारायची छाती झाली नाही. शेवटी येडगाव धरणाजवळ तो तुटला, इंजिन गेलं, गाडी मोडीत निघाली. "बरं झालं, आपोआप ठरलं," असं तुम्ही म्हणालात आणि आम्ही हसलो. काय हसलो आम्ही, दादा!

तुमचं वर्षश्राद्ध झाल्यावर मी मामीकडे गेले होते. शेंगा फोडता फोडता आबांचा विषय निघाला. मामी म्हणाली, "आबा व्हय? ते तर तांबडं फुटायच्या आधीच गेले, झोपंतच. फोनवर कुणी गेले म्हणून सांगतं का? जास्त झालंय, असंच म्हणायचं आस्तंय."

"आणि आईची वाट बघत होते ते?"

"तिला बरं वाटावं म्हणून बोलला गं तुझा मामा."

म्हणजे तुम्ही किल्ली काढलीत तेव्हा आबा नव्हतेच. गाडी दारात असती, तुम्ही ती वाऱ्यासारखी पळवली असतीत, तरी भेट होणार नव्हती.

मी तडक घरी आले. आई मेथी निवडत होती. सगळं सांगितलं तर तिने मानसुद्धा वर केली नाही.

"मला ठावं व्हतं," म्हणाली. "हात लावला तवाच कळलं. पार गार, ताठलेला. मी काय पयल्यांदा मढं बघत व्हते व्हय?"

"मग दादांना का नाही सांगितलंस? एवढी वर्षं?"

"भावावर चिडले असते तर माहेर तुटलं असतं. आबांवर चिडता येत न्हाई. तुझे दादा गप ऐकून घ्यायचे." मग दुसरी जुडी पुढ्यात ओढून, "सांगणारच व्हते गं. म्हटलं, पोरीचं लग्न हू दे. मंग म्हटलं, जरा बरं वाटू दे त्यान्ला. त्यान्ला बरं वाटलंच न्हाई."

तुमच्या वतीने भांडायला तोंड उघडलं होतं मी. फार कडक बोलणार होते. तेवढ्यात ती निवडलेल्या मेथीतच देठं टाकायला लागली, तिला काही दिसत नव्हतं.

हा कागद कुठे पाठवायचा नाही, घरात कुणाला दाखवायचाही नाही. तुमची काही चूक नव्हती, एवढं लिहायला बसले होते, ते लिहून झालं. पण तुमच्यापासून लपवत नाही, दादा. त्या दिवशी मी तुमची बाजू घेतली नाही. तिला जवळ घेतलं.