काळ्या केसांची मुळी आणि कुंदाच्या दोन ओळी

कायझर्सलाउटर्न
१६ फेब्रुवारी २०१४

चि. लहू यास,
कमलाअक्काचे अ. उ. आ. आणि जयभीम.

तुझी तब्येत कशी आहे? कुंदाची कंबर अजून धरते का, की सुयशच्या लग्नाच्या घाईत तिला दुखायलाही सवड नाही? सुयशचा खोकला गेला का? तुझ्या फिरायच्या सोबत्याचं, मधूभाऊंचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं ना? इकडे माझ्या लेकाचा, यशपालचा, घसा बसला होता, आता बोलतो. सूनबाई क्रांती बरी आहे. आपली नात धम्मदीपा अकरा वर्षांची झाली, मी मराठीत विचारते, ती जर्मनमध्ये उत्तर देते, आणि आमचं दोघींचं छान चालतं.

फोन केला असता, पण तुझा फोन म्हणजे मी तीनदा ओरडायचं आणि तू चौथ्यांदा विचारायचं की काय म्हणालीस. इथल्या भिंती पातळ. रविवारी आवाज नको म्हणून कपड्यांचं मशीनसुद्धा लावत नाहीत. त्यापेक्षा आपलं पत्र बरं.

निघताना तू माझ्या पिशवीत गुपचूप सरकवलेलं कात्रण सापडलं. चिनी मुळीने किडनी बळकट आणि केस काळे. कडेला तू पेन्सिलीने लिहिलंस की कलपाने डोकं खाजतं, आणि लग्नाच्या फोटोत व्याह्यांशेजारी पांढऱ्या डोक्याने उभं राहवणार नाही. साठी उलटली तरी नटवेपणा गेला नाही तुझा.

पण तुझं काम माझ्याच कामात झालं. इथलं पाणी जड, मागच्या खेपेसारखे याही वेळी माझे केस कंगव्यात येतात. म्हणून क्रांतीने मला फ्राउ लिनकडे नेलं. या बाई चीनमध्ये वैद्यकी शिकल्या आणि वीस वर्षं इथे अपोथेकेच्या, म्हणजे औषधाच्या दुकानाच्या, माडीवर बसतात. त्यांनी माझी नाडी दोन्ही मनगटांवर इतका वेळ धरली की मला वाटलं बाईंना डुलकी लागली. मग जीभ बघितली. मग प्रश्न. मी जन्मभर समजत होते की केसांचा संबंध तेलाशी. बाई म्हणतात, त्यांच्या विद्येत केसांचं मूळ मूत्रपिंडात. कानाचंही तिथेच. तुझी मुळीही निघाली त्यांच्याकडे. हो नावाचा कुणी म्हातारा ती खाऊन काळ्या केसांचा झाला अशी त्यांच्यात गोष्ट आहे, आणि मुळीला त्याच्याच केसांचं नाव पडलंय.

खाली दुकानात छोट्या तराजूवर साली, मुळ्या, सुकी फळं तोलून रोजची एक अशा चौदा पुड्या दिल्या. मातीच्या भांड्यात उकळायच्या. वास म्हणजे ओल्या गोणपाटात गूळ करपल्यासारखा. क्रांती लगेच खिडक्या उघडते.

आता माझा विचार ऐक. बाबा एकच पेरू आणायचे आणि आपण तो दोघांत कापायचो. तुझे माझे केस एकाच वळणाचे. सात पुड्या मी पिते, सात तुझ्यासाठी ठेवल्यात. यशपालच्या संस्थेतला विलास १५ मार्चला निघतो, त्याचं घर जळगावला, तो आणून देईल. पण बाईंनी मला विचारलं तेच तुलाही विचारते. उत्तरं जुळली की पुड्या निघाल्या. रात्री लघवीला किती वेळा उठतोस? संध्याकाळी पाय सुजतात का? कान कसे आहेत? रोज कुठल्या गोळ्या घेतोस? खरं खरं लिही.

तुझी,
कमलाअक्का

*

भुसावळ
१ मार्च २०१४

ती. अक्कास,
सादर जयभीम वि. वि.

तुझं पत्र मिळालं. सगळे मजेत. सुयशचा खोकला गेला, लग्न १८ मेला ठरलं तेव्हापासून त्याला खोकायला वेळ नाही. मधूचा डोळा इतका सुधारला की परवा त्याने माझ्या भांगातला पांढरा केस लांबून दाखवला.

तुझ्या चिनी डॉक्टरीणबाईंना सांग की पेशंट ठणठणीत आहे. रात्री फार तर एकदा उठतो, तेही मांजराच्या आवाजाने. पाय म्हणशील तर चौतीस वर्षं रेल्वेच्या यार्डात उभे राहून पक्के झालेत. कान उत्तम, कुंदाच हल्ली हळू बोलते. गोळी मी कसलीच घेत नाही. म्हणजे उत्तरं जुळली असं धर आणि पुड्या पाठव. तुझ्याच्याने तो काढा पिववत नसेल तर चौदाच्या चौदा पाठवल्यास तरी माझी तक्रार नाही.

अक्का, हसू नकोस. व्याही अठ्ठावन्न वर्षांचे, आणि डोकं असं काळंभोर की मुंगीला वाट सापडू नये. साखरपुड्यात कुणीतरी मला त्यांचे वडील समजलं. मी तेव्हा हसलो, पण घरी येऊन आरसा पालथा ठेवला.

हॉल बघायला मधूबरोबर निघालोय. नेहमीप्रमाणे खाली जागा सोडली आहे, कुंदा दोन ओळी लिहील आणि पोस्टात टाकेल.

तुझा,
लहू

ती. अक्का, जयभीम. वरचं एकही खरं नाही. चार वेळा उठतात. संध्याकाळी चपलेचा पट्टा पायात रुततो, बोट दाबलं की खळगा राहतो. गुडघ्यासाठी तीन वर्षं मेडिकलमधून आणून रोज दोन गोळ्या खातात, डॉक्टरला न विचारता. मी बोलले की ऐकू येत नाही म्हणतात. जागा संपली. तुम्हीच सांगा. कुंदा.

*

कायझर्सलाउटर्न
१४ मार्च २०१४

चि. लहू यास,
अ. उ. आ.

हे पत्र विलासच्या हाती देतेय. डबा उघडून पुड्या शोधू नकोस, त्यात त्या नाहीत. आधी हे पूर्ण वाच आणि मग काय रागवायचं ते रागव.

तुझं पत्र वाचून मी इतकी हसले की यशपाल बाहेर आला. मग कुंदाच्या ओळी वाचल्या आणि चहा तसाच गार झाला.

मंगळवारी दीपाला घेऊन फ्राउ लिनकडे गेले. कुंदाच्या ओळी मी एकेक वाचल्या आणि दीपाने त्या जर्मनमध्ये सांगितल्या. मध्येच बाई थांबवून विचारत, आणि दीपा मोठ्या माणसासारखं गेनाऊ, गेनाऊ, म्हणजे अगदी बरोबर, म्हणत होती. खळग्याचं ऐकलं तशी बाईंनी लेखणी खाली ठेवली. भावाचे कान कसे आहेत, असं त्यांनी विचारलं. मला सांगावं लागलं की कानांमुळेच तर आम्ही पत्रं लिहितो.

मग त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं की चौदा दिवस कधीच संपले, मी नवीन पुड्या न्यायला का आले नाही. त्यांनी दिवस मोजले होते. लपवता येईना. सात काढून ठेवल्या, असं कबूल केलं. दीपाने ते सांगताना आवाज बारीक केला.

बाई रागावल्या नाहीत, पण स्पष्ट बोलल्या. दोन भावंडांचे केस सारखे म्हणून नाडी सारखी नसते. ती मुळी प्रत्येकाच्या यकृताला सोसत नाही. आणि मूत्रपिंड आधीच थकलं असेल तर चांगलं औषधसुद्धा त्याच्यावर ओझं होतं. तुझी जीभ, नाडी न बघता एक काडी देणार नाहीत, आणि बघायच्याही आधी तुझ्याच गावच्या दवाखान्यात रक्त आणि लघवी तपासायला सांगितलंय. पुड्या विकून जिचं घर चालतं त्या बाईने मला रिकाम्या हाताने पाठवलं, म्हणून माझा विश्वास बसला. चूक माझी, लहू. पेरू आणि औषध यांतला फरक मला या वयात कळला.

एक गोष्ट लिहिते, आपण कधी बोललो नाही ती. बाबा गेले त्याच्या आधी त्यांचा चेहरा भरून आला होता तेव्हा आपण खूश झालो होतो. बाबा अंग धरायला लागले, असं तूच शेजारी सांगत फिरलास. तू नऊ वर्षांचा होतास, मी चौदा. ती सूज होती हे आपल्याला कुणी सांगितलं नाही. तुला मात्र कुंदाने तीन वर्षं सांगितलंय.

डब्यात मोजे आहेत. इथे सुजऱ्या पायांसाठी वेगळे मिळतात, वरची कड आवळत नाही. ते घालून दवाखान्यात जा. कुंदाला बरोबर ने, डॉक्टरला उत्तरं तिलाच देऊ दे.

वाट बघतेय.

तुझी,
अक्का

*

भुसावळ
२९ मार्च २०१४

ती. अक्कास,
सादर जयभीम वि. वि.

विलास भला माणूस, डबा देऊन चहा घेऊन गेला. मी कुंदाला बाहेर बसवून, दार लोटून डबा उघडला. आत मोजे. दोन दिवस मी रुसून फिरायलाही गेलो नाही.

मग बाबांचं आठवलं. मी सांगत फिरलो होतो हे तुझ्या लक्षात असेल असं वाटलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी मोजे घातले आणि गेलो.

रक्तदाब एकशेसत्तर. क्रिएटिनिन नावाचं काहीतरी असतं, ते एकच्या आसपास हवं, माझं एक पूर्णांक नऊ. डॉक्टरीणबाई सुयशच्या वयाच्या. त्यांनी गोळ्यांचं पाकीट मागितलं, मी म्हटलं नाही, कुंदाने पर्समधून काढून टेबलावर ठेवलं. गुडघ्याच्या त्या गोळ्यांनी आणि दाबाने मिळून हे केलंय, असं त्या म्हणाल्या. गेलं ते भरून येणार नाही, पण उरलंय ते सांभाळता येईल. वर्षभर उशीर केला असता तर डायलिसिसच्या मशीनवर झोपायची पाळी होती. गोळ्या बंद, दाबाचं औषध सुरू, मीठ बेताचं, पापड नाही, लोणचं नाही. दहा दिवसांत सूज निम्मी उतरली. तुझे मोजे आता सैल होतात.

फ्राउ लिनना एक निरोप दे. कानाचं मूत्रपिंडाशी नातं असेल ते असो, माझ्या कानात मळ होता. डॉक्टरीणबाईंनी काढला. तेव्हापासून कुंदा फार मोठ्याने बोलते.

आणि केस. न्हाव्याकडे गेलो आणि कलपाचे होते तेवढे सगळे उतरवायला सांगितले. आता डोकं बारीक आणि पांढरंशुभ्र. मधू समोरून आला आणि ओळख न देता पुढे गेला. रविवारी व्याही आले होते. माझं डोकं बघितलं आणि अंगणात बाजूला घेऊन हळूच म्हणाले की त्यांचंही सगळं कलपाचंच आहे, आणि आता फोटोत त्यांची पंचाईत होणार. मला पूर्वी हे ऐकू आलं नसतं.

तुझा,
लहू

अक्का, जयभीम. या वेळी वरचं सगळं खरं आहे. रात्री एकदाच उठतात. फक्त लोणच्याची बरणी मी कपाटावर ठेवली तर यांनी स्टूल घेतलं, ते लिहायचं राहिलंय. कुंदा.

*

कायझर्सलाउटर्न
९ एप्रिल २०१४

चि. लहू आणि सौ. कुंदा यांस,
अ. उ. आ. आणि जयभीम.

पत्र वाचून यशपालला दिलं, त्याने क्रांतीला दिलं. दीपा शाळेतून आली आणि दप्तर न काढता विचारती झाली की लहूआजोबा बरे आहेत का. मराठीत. मी नेहमीसारखंच उत्तर दिलं, नाहीतर लाजली असती.

फ्राउ लिनना तुझा कानाचा निरोप दिला. त्या इतक्या हसल्या की खालचा दुकानदार वर बघायला आला. तुझ्या सात पुड्या मीच प्यायले, त्यांना विचारून. कंगव्यात केस कमी येतात. क्रांतीचं म्हणणं की तिने नळाला गाळणी बसवली त्याने. त्या काढ्याची चव मी घेतलीये, त्यामुळे श्रेय मी मुळीलाच देणार.

मी २९ तारखेला निघते. लग्नात फोटोच्या वेळी तुझ्या एका बाजूला मी उभी राहणार, दोन पांढरी डोकी शेजारी. व्याह्यांना सांग, मधे यायचं असेल तर कलप उतरवायला अजून महिना आहे.

लहू, आता तुला फोनवर ऐकू येतं, तरी पत्रच लिही. फोनला खाली जागा नसते. या वेळी कागद आधी कुंदाकडे दे. तिचं लिहून झालं की उरलेल्या जागेत तू लिही, आणि बरणी नक्की कुठे आहे तेही लिही.

दोघांची माया आहे तशीच राहू दे. उत्तर लवकर टाका, मी निघायच्या आत हाती पडलं पाहिजे.

तुमची,
कमलाअक्का