धुतलेले खडक

१५ मे
किनारा काळा! सकाळीच मृणालीचा फोन — "बाई, खाली या, वाळू बघा." मृणाली माझी जुनी विद्यार्थिनी, आता ग्रामपंचायतीत कॉम्प्युटरवर बसते. पावसाच्या तोंडावर डांबराच्या गोळ्या दरवर्षीच येतात, त्याचं कुणाला काही वाटत नाही. हे तसं नाही. बाहेर कुठल्याशा जहाजाचं तेल सांडलंय म्हणे. वाळूवर थर, शिंपल्यातली कालवं चिकटलेल्या खडकांवर थर, आणि घरापर्यंत पेट्रोल पंपासारखा वास.

सरकारी माणसं येतील तेव्हा येतील. आपणच काढायचं असं गावाने ठरवलं. पुढे कोण होणार? सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. पंचवीस वर्षं विज्ञान शिकवल्याचा मान. खोटं कशाला लिहू — बरं वाटलं.

१६ मे
कंबर मोडली. आंब्यांसाठी आलेले चाकरमानीसुद्धा उतरले. फावडी, घमेली, खताच्या रिकाम्या गोणी. संध्याकाळपर्यंत वाळू बरीचशी निघाली. खडक राहिले.

"पायाला डांबर लागलं की आपण काय करतो?" मी विचारलं, वर्गात विचारते तसं.

"रॉकेल!" सगळे एका सुरात.

रॉकेल आता मिळतंय कुठे! नितेश म्हणाला, "माझ्या होडीचं डिझेल हाय की. देतो." झालं, ठरलं. डिझेलने पुसायचं, मग साबणाच्या पाण्याने घासायचं. उद्या पहाटेच्या ओहोटीला. अमावस्येची ओहोटी, खडक पार खालपर्यंत उघडे पडतील.

१७ मे
उजाडायच्या आत साठ माणसं खडकांवर. चिंध्या, झाडण्या, नारळाच्या शेंड्या. काय तो उत्साह!

कमळाकाकू मात्र आडवी आली. ती या खडकांवरची कालवं फोडून विकते, तिच्या सासूपासूनचं चालत आलेलं काम. पायात तुटकी चप्पल, हातात कोयती. "बाई, वाळू काढलीत, चांगलं केलंत. खडकाला डिझेल नको. कालवं जित्ती हायत ती. डांबर पावसात आपसूक सुटतं."

मी हसले. सगळ्यांसमोर म्हणाले, "काकू, तुम्ही कालवं फोडा, विज्ञान आमच्यावर सोडा." लोक खो खो हसले. नितेशने शिट्टी मारली. काकू बाजूला झाली. जाऊन कातळावर बसली, शेवटपर्यंत.

आठ वाजता पाणी चढायला लागलं. दक्षिणेकडचे खडक तेवढे राहिले. बाकीचे असे चकचकीत, की मृणालीचा व्हिडिओ बघून विश्वास बसेना.

१८ मे
व्हिडिओ तालुकाभर फिरतोय. नाव काय, तर 'बाईंचा उपाय'! मी दोनदा पाहिला. बरं, सात वेळा.

२० मे
खडकांवर उभं राहवत नाही इतका कुजका वास. कालवं आ वासून पडलीत. सगळीच्या सगळी. जहाजवाल्यांना गाव शिव्या घालतंय. मीपण दोन घातल्या.

२१ मे
आज एकटीच दक्षिणेकडच्या खडकांवर गेले. धुवायचे राहिलेले ते. तेल तसंच आहे, हाताला चिकटतं. पण कालवं मिटलेली, घट्ट! दगडाने ठोकून पाहिलं. कोयतीशिवाय उघडणार नाहीत अशी जिवंत.

एकच किनारा, एकच तेल. इथली जगली, तिथली मेली. फरक फक्त एक — आम्ही. सातवीतलं पोरगंही उत्तर देईल. मी त्यांना हेच तर शिकवते, दोन गट घ्या, एकच गोष्ट बदला.

तिथेच बसून राहिले. काकूने सांगितलं होतं गं, तोंडावर सांगितलं होतं.

२२ मे
ग्रामपंचायतीत सभा. आज सांगायचंच असं ठरवून गेले. मृणालीने आधीच उठून सांगितलं, बाईंचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचा. टाळ्या. आणि मी? "अहो, कशाला, सगळ्यांचंच काम आहे ते" — एवढंच बोलले! लाज वाटते लिहायला.

येताना काकू भेटली. टोपली रिकामी. "चार दिस बहिणीकडे जातेय, पूर्णगडला," म्हणाली. "हितं काय उरलंय आता." तेव्हा तरी बोलायचं होतं. मी विचारलं, गाडी कितीची आहे.

२३ मे
ग्रुपवर टाकायला मेसेज लिहिला. पुसला. लिहिला. 'कदाचित डिझेलमुळेही' असं लिहिलं. त्या 'कदाचित'ची किळस आली, तोही पुसला. मुलं काय म्हणतील, मृणाली काय म्हणेल. उद्या बघू.

२४ मे
टाकला. सकाळी नऊला, सगळ्या गावांच्या ग्रुपवर. "खडक डिझेलने धुवायला मी सांगितलं. त्यानेच कालवं मेली, जहाजाच्या तेलाने नाही. कमळाकाकू बरोबर होत्या, मी चूक होते. कुणीही खडक धुवू नका. व्हिडिओ पुसून टाका." खाली नाव, राजश्री.

मृणालीचं उत्तर नाही. नितेशने लिहिलं, "बाई, तुमी उगाच मनाला लावून घेता." हात जोडलेली चित्रं तर ढीगभर. असू दे. तीन-चार दिवसांनी जेवण गोड लागलं. काकूकडे फोन नाही, ती आली की घरी जाऊन पाय धरायचे.

२५ मे
मी जायच्या आधी तीच आली. पायरीवर बसली, पाणी प्यायली. म्हणाली, "बाई, माफी मागायला आले. त्या दिवशी उगाच तुम्हाला आडवी गेले. धुवायला लवकर घेतलं असतं तर आपली कालवं वाचली असती. पूर्णगडला बहिणीला हेच सांगितलं, आमच्यासारखा उशीर करू नका, आमच्या बाई शिकलेल्या हायत. तिथंबी तेल आलेलं, पूर्णगडवाल्यांनी परवाच धुतले सगळे खडक. मी स्वतः घासले."