ओवळ्याचं लुगडं

आई, काल हरणं आत आली आणि मेथीचा वाफा खाऊन गेली. दिवसभर फडात, सरकारी दफ्तरात बसून दुसऱ्यांच्या पत्रांना मायने लिहितो, साष्टांग नमस्कार आणि विनंती विशेष लिहून बोटं आखडतात, म्हणून तुला मायना घालत नाही. तुला तो आवडलाही नसता. वडिलांनी मोहिमेवरून धाडलेलं पत्र तुला वाचून दाखवलं, तेव्हा तू म्हणाली होतीस की एवढ्या नमस्कारांत माणूस कुठे बसलाय तेच दिसत नाही. त्याच फडात, त्यांच्याच जागी मी आता बसतो. तेही जाऊन बरीच वर्षं झाली.

घर आहे तिथेच आहे, पर्वतीच्या वाटेला, ओढ्याच्या अलीकडे. मागचं दार उघडलं की तुझी बाग. देवपूजेची शेवंती आणि जास्वंद एका बाजूला, मेथी, माठ, चवळी दुसऱ्या बाजूला, आणि कुंपणावर चढलेला दोडका. ऊन उतरलं की टेकडीवरची हरणं ओढ्यावर पाण्याला येत आणि पाणी झालं की आपल्याकडे जेवायला येत. देवाच्या टेकडीवरची हरणं, त्यांच्यावर धोंडा उचलायला कुणी धजत नसे. श्रावणात दक्षिणेसाठी रमण्याच्या आवारात ब्राह्मण कोंडतात, तशी उरलेलं वर्ष तिथे हरणं कोंडावीत, अशी तुझी सूचना होती. वडिलांनी ती वरपर्यंत पोचवली नाही.

त्यांनी आपले उपाय केले. ओढ्याच्या बाजूला बाभळीच्या फांद्या रचल्या, त्या हरणांनी सहज ओलांडल्या. मग त्यांनी बुजगावणं उभं केलं आणि त्याला आपली जुनी पगडी घातली. सकाळी बघतो तर शेवंतीच्या सगळ्या कळ्या खुडलेल्या आणि बुजगावणं जसंच्या तसं. कारकुनाला कोण भितं, असं तू म्हणालीस, आणि वडील दिवसभर तुझ्याशी बोलले नाहीत. त्या संध्याकाळी तू कुंपणाला दोरी बांधलीस आणि तिच्यावर तुझं ओवळ्याचं लुगडं टाकलंस. सोवळ्यातला स्वयंपाक आटोपला की तू जे नेसायचीस, गोठा झाडताना, सारवताना, वाफे खुरपताना, तेच ते मोरपिशी, विटून राखाडी झालेलं. शेणाचा, धुराचा आणि तुझा वास त्यात मुरलेला होता. पहाटे तू ते काढून पुन्हा नेसलीस. हरणं आली नव्हती. मी कारण विचारलं तेव्हा तू चुलीपुढे बसली होतीस, मान न वळवता म्हणालीस, "माणूस नुसता दिसून भागत नाही, वासाला यावा लागतो. सोवळ्याला हरणं भीत नाहीत, ओवळ्याला भितात."

मग रोजचंच झालं. संध्याकाळी लुगडं दोरीवर, पहाटे तुझ्या अंगावर. पावसात ते पडवीच्या कडेला टांगलेलं असे. मी तेव्हा नुकताच फडात जाऊ लागलो होतो आणि मला माझ्या पांढऱ्याशुभ्र उपरण्याचा फार अभिमान होता. बरोबरचा एकजण आपल्या घरावरून जाताना म्हणाला की तुमच्याकडे दिवेलागणीलाही धुणं आत घेत नाहीत वाटतं. मी घरी येऊन तुला तसंच सांगितलं. तू काही रागावली नाहीस. माझं उपरणं मागितलंस आणि लुगड्याच्या जागी ते टाकलंस. सकाळी अर्धा माठ गेलेला. "तुला वासच नाही रे," तू म्हणालीस. "कागदाचा येतो थोडा. कागदाला हरीण कशाला भिईल?" मला ते फार लागलं. घरात कुणी आवाज चढवून बोललेलं इतकं लागलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तू माझ्या हातात नवीन खुरपं ठेवलंस, खास लोहाराकडून करून घेतलेलं, आणि आत निघून गेलीस. त्याची मूठ मी एकदा बदलली आहे, पातं तेच आहे.

तू कार्तिकात गेलीस. अहेव गेलीस, म्हणून तुझी चांगली लुगडी सुवासिनींना दिली. ते दोरीवरचं कोण घेणार? त्याच्याकडे कुणाचं लक्षही गेलं नाही. तेराव्यानंतर एका संध्याकाळी मी ते दोरीवर टाकलं आणि पहाटे काढून पडवीत ठेवलं, आणि मग तसंच करत राहिलो. पहाटे मी ओढ्यापर्यंत जातो, ओल्या मातीत खुरांचे ठसे बघतो. ते पाण्यापासून आपल्या कुंपणाच्या दिशेने येतात, निम्म्या वाटेत थांबतात आणि वळतात. थंडी गेली, ऊन तापलं, टेकडीवर गवताची काडी उरली नाही, तरी ते वळत होते. आम्ही सगळे तू नाहीस हे धरून चाललो होतो, आणि ओढ्यापलीकडे कुणीतरी अजून तुला भीत होतं. मला त्याचा किती आधार वाटायचा हे मी कुणाला सांगितलं नाही. हसले असते.

अक्षय्य तृतीयेला पितरांना पाणी द्यायचं, तुझं पहिलंच. तुझ्या सुनेने पहाटे उठून घर सारवलं, वाळा घालून पाणी भरलं, आणि पडवीतलं ते लुगडं रिठ्याने स्वच्छ धुऊन उन्हात घातलं. मी संध्याकाळी ते दोरीवर टाकलं, मला काही कळलं नाही. सकाळी बागेत एक वाफा धड नव्हता. जास्वंदीची पानंसुद्धा सोडली नव्हती. मी लुगडं नाकाशी धरलं. रिठ्याचा वास आला आणि उन्हाचा. तुझे दिवस घातले तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं, मला रडायला सवड झाली नव्हती. त्या सकाळी तुडवलेल्या चवळीत बसून मी रडलो. मग घरात जाऊन तिला विचारलं की धुतलंस कशाला. ती उलट मलाच विचारू लागली.

"सासूबाईंना पाणी द्यायचं आणि वस्त्र मळकं ठेवायचं? लोक मला काय म्हणाले असते?"

तिचं काय चुकलं? काहीच नाही. तुला सोवळं करायला गेली आणि तू उरली नाहीस, एवढंच झालं. त्या संध्याकाळी तिने आपलं ओवळ्याचं लुगडं दोरीवर टाकलं. त्या रात्रीपासून हरणं यायची थांबली. बाग पुन्हा धरली, आणि मला तिचा राग येत राहिला. हरणं आली असती तर मला बरं वाटलं असतं. ती तुला जेवढी भीत होती तेवढीच तिला भितात, ही गोष्ट मला बरेच दिवस सोसली नाही. पुढे सवय झाली. आता कुंपणावर लुगडं म्हणजे तिचंच, संध्याकाळी टाकतो मी. तुझं मी घडी करून फडताळात ठेवलं होतं.

तू गेलीस तेव्हा रांगत होती ती तुझी नात आता बाळंतपणाला आली आहे. बाळासाठी गोधडी शिवायची, आणि वरचा पदर तुझ्या लुगड्याचा हवा, असं तुझ्या सुनेने ठरवलं. इतकं मऊ घरात दुसरं काही नाही, म्हणाली. मग माझ्याकडे न बघता, मला विचारल्याशिवाय कात्री लावणार नाही असंही म्हणाली. मी हो म्हटलं. उद्या सकाळी लाव, म्हटलं. हे परवाचं बोलणं.

कालपासून ती टाके घालायला बसली आहे. लुगड्याचे चार तुकडे झाले आहेत, काठ बाजूला काढला आहे. मन मोकळं झालं म्हणतात तसं काही माझं झालेलं नाही, पण त्या तुकड्यांवर बाळ निजेल हे मला आवडलं आहे. हे पत्र लिहून झालं की चुलीत जाईल. तुझ्यापर्यंत जाणारा जासूद आमच्या फडात नाही.

एक राहिलं. मेथीचा वाफा गेलेला बघून तिने मला विचारलं की रात्री तिचं लुगडं दोरीवर कसं नव्हतं. मी म्हटलं, टाकायला विसरलो. फडातलं सगळं आठवतं, एवढं तेवढं आठवत नाही, असं म्हणून ती आत गेली. आई, मी विसरलो नव्हतो. तिच्या लुगड्याऐवजी तिथे तुझं टाकलं होतं, आणि ती उठायच्या आत घडी करून फडताळात ठेवलं. ठसे दोरीच्या अगदी खालून आत गेले होते, कुठेही न थांबता. कात्री लागायच्या आधी मला एकदा बघायचं होतं, हरणं अजून तुला भितात का.