दिवाकरच्या जहाजावरचा रंग

चि. दिवाकर,

तुझं जहाज बुडाल्याचं रेडिओवर सांगितलं, तेव्हा तू मागच्या सुट्टीत सुरू केलेल्या त्याच जहाजाच्या लाकडी नमुन्याला तुझी आई करडा रंग देत होती. बुडालेल्यांत आपला पोरगा नाही, असंच ती म्हणत राहिली. रंग वाळला की पुन्हा नवा हात द्यायची. मी अडवलं तर म्हणाली, "काहून अडवून राहिले? हा वाळायच्या आत त्याची तार येते, पाहा." मी कोरलेल्या बारीक तोफा त्या रंगाखाली बुजून गेल्या. तू वाचल्याची तार आली, त्याच्या आदल्या दिवशी तिच्या छातीत कळ आली आणि ती गेली.

तुला कळवलं नाही, कारण घरी येतानाच्या एवढ्या लांबच्या प्रवासात तू एकटा असतास. लढाईच्या कामामुळे कारखान्यात आज रजा मिळाली नाही, म्हणून हे चिठ्ठीत लिहावं लागतं आहे.

शेजारच्या अंजनीमावशीकडे वरण-भात ठेवला आहे, जेवून घे. जहाजावरचा रंग खरवडू नकोस.

अग्नी मी दिला. अस्थी मागच्या कडुलिंबाला बांधून ठेवल्या आहेत. त्या तुझ्याच हातून सोडायच्या आहेत. नर्मदेवर ग्वारीघाटला जाणं राहिलं आहे.

बाबा