आत्याचा हात

पुसेगाव, फाल्गुन, १९४४

दादा,

शिरसाष्टांग नमस्कार लिहायला हात उचलत न्हाई.

गेल्या वर्षीच्या माघात माझ्या मनगटावरच्या गाठीचा तुकडा तुमीच हैदराबादेला, तुमच्या प्रयोगशाळेत तपासायला नेला. तुमीच समजावलं होतं, मांसात विरजणासारखं काहीतरी असतं. त्याचा जोर फार निघाला तर गाठ जीवघेणी. मग तुमचं पत्र आलं, 'साधी गाठ हाय, हळद लाव.' मी वर्षभर हळद लावली.

काल हिंगोलीच्या डॉक्टरांनी तो तपासणीचा कागद मागवून वाचला. तारीख त्याच माघाची. जोर तिप्पट, गाठ लगेच काढावी. आता ती काखेत उतरलीय.

गाठीला लोक महारोग म्हणतील, तुमच्या सुभद्रेची सोयरीक मोडेल, म्हणून ना? तुमी मला सांगायचं होतं, गुपचूप येऊन कापून घेतली असती. पण वैशाखात पोरीला पहिली हळद आत्यानं लावायची, अन् पट्टी बांधलेला हात तुमाला मांडवात नको होता. लावली मी. तुमी समोर उभं राहून बघितलं.

हे पत्र टाकत न्हाई. सुभद्रा पहिल्या बाळंतपणाला तुमच्याकडं आलीय, अन् आत्याचं पत्र तीच आधी फोडते. तिच्या हळदीत बापानं काय कालवलं, ते लेकराला कळू नये.

तुमच्याच पाठची,
मनकर्णा